रमेशची सायकल

एप्रिल लागला की आमच्या कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं पोरापोरींची रांग लागते. हातात भरतीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र, आधार कार्डाची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत दोन फोटो. डांबर मऊ झालेलं असतं, चपलेला चिकटतं. मुलींनी ओढणी डोक्यातोंडाला अशी गुंडाळलेली असते की नुसते डोळे दिसतात, आणि ते डोळे सतत हातातल्या कागदावर. नावात चूक नाही ना, फोटो नीट आलाय ना. मी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत बसते आणि माझं डोकं तापायला लागतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, ऊन बाधलं असेल, पर्समध्ये कांदा ठेवत जा. मी मान हलवते. त्यांना कसं सांगू की मला त्या रांगेचा राग येतो. त्या पोरी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून उन्हात उभ्या आहेत, तिचा येतो. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

पाच उन्हाळ्यांपूर्वी मीही अशीच उभी होते. माझ्या पुढं तस्लीम होती.

सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या गच्चीवर पत्रे टाकून केलेली अभ्यासिका होती. तीस-पस्तीस खुर्च्या, प्रत्येकीपुढं आडोसा केलेली फळी, कोपऱ्यात पाण्याचे जार आणि एक कूलर. कूलरला वाळ्याचा वास यायचा तो सकाळी नऊपर्यंत. नंतर तोही गरम वाराच फेकायचा. दुपारी पत्रा तडतडायचा. आम्ही ओढणी जारच्या पाण्यात भिजवून डोक्यावर घ्यायचो आणि ती वाळायच्या आत पंचवीस प्रश्न संपवायचे, असा नेम केला होता. मी वर्षा, मोडनिंबची. वडिलांची तिथं पिठाची गिरणी आहे. सोलापुरात मी तिघींबरोबर खोली घेऊन राहायचे. तस्लीम नदाफ विजापूर वेशीतली, तिच्या अब्बांचं गाद्या-उशा भरायचं दुकान. सकाळी तासभर दुकानात हात लावून ती अभ्यासिकेत यायची, त्यामुळं तिच्या केसांत, कधी भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे. आमच्या दोघींचा प्रवर्ग एक, वय जवळपास एक, अर्ज केलेली पदंही तीच. म्हणजे कागदावर आम्ही एकमेकींच्या वाटेतच उभ्या होतो. तरी त्या पत्र्याखाली माझं जुळलं ते तिच्याशीच.

बुद्धिमत्ता चाचणीतल्या विधान-निष्कर्षांनी मला जेरीस आणलं होतं. सर्व आंबे खुर्च्या आहेत. काही खुर्च्या ढग आहेत. तर काही आंबे ढग आहेत का? वर सूचना असायची की, विधानं वस्तुस्थितीशी जुळत नसली तरी ती सत्य मानावीत. मी ती सूचना वाचून हसायचे. मग वर्तुळं काढायचे, वर्तुळात वर्तुळ, त्याला छेदणारं तिसरं, आणि शेवटी अंदाजानं पर्याय निवडायचे. आता ती सूचना आठवली की हसू येत नाही. आपल्या आयुष्यावर कुणीतरी एक ओळ लिहितं, आपण ती खरी मानायची, आणि तिच्यातून काय निघतं तेवढं निमूट काढत बसायचं. याची किती सवय लावून घेतली आम्ही.

तस्लीमला वर्तुळं लागायचीच नाहीत. एकदा "जर-तर"च्या प्रश्नात मी तिसऱ्यांदा चुकले, तेव्हा ती मला उठवून सरळ दुकानात घेऊन गेली. भर दुपार होती. अब्बा सतरंजीवर बसून गादीला टाके घालत होते. दुकानात रुईचा ढीग, त्याच्यावर उन्हाचा एक पट्टा, आणि हवेत कापूस तरंगत होता. तिनं एक उशी माझ्या हातात दिली. म्हणाली, "उशी असली तर आत कापूस असतो. मान्य?" मी म्हटलं, मान्य. मग तिनं पलीकडची एक झाकलेली वस्तू दाबून दाखवली. "ह्याच्यात कापूस हाय. मग ही उशी हाय का?"

मी व्हय म्हणणार तेवढ्यात अब्बा मान वर न करता म्हणाले, "माझ्या कानात पण कापूसच हाय, बेटा." त्यांच्या कानात खरंच अत्तराचा बोळा होता. आम्ही तिघंही हसलो. मला तो नियम त्या दिवशी जो कळला तो कायमचा कळला. "जर हे, तर ते" असं म्हटलं की "हे" असलं तर "ते" असणार, एवढंच. "ते" दिसलं म्हणून "हे" असेलच असं नाही. कापूस दिसला म्हणून उशी म्हणायचं नाही. अख्ख्या अभ्यासिकेला तस्लीमनं हे असंच शिकवलं. एरवी कुणाशी न बोलणाऱ्या मुलीसुद्धा तिच्या फळीपाशी वही घेऊन उभ्या राहायच्या. ती कुणालाच परत पाठवायची नाही. मी तिला एकदा म्हटलं, की अगं, ह्या सगळ्या तुझ्याच जागेसाठी बसणारेत. ती म्हणाली, कळू दे की त्यांना पण.

परीक्षा संगणकावर होती, केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात. साडेसातला दारात पोचायचं, परीक्षा नऊला. फाटकातच तपासणी. कानातले काढा, पिना काढा, हातातला दोरा तोडा. एका बाईनं तस्लीमच्या केसांतून कापसाचा तंतू ओढला आणि हे काय लपवलंय म्हणून विचारलं. तस्लीम म्हणाली, कापूस आहे. त्या बाईनं तो उजेडात धरून उलटसुलट बघितला. एवढ्या बारकाईनं, इतकं डोळे फोडून. मला आज त्या तपासणीचा जास्त संताप येतो, कारण इतकी बारीक नजर ज्यांच्याकडं होती, त्यांनी ती फक्त आमच्या केसांत घातली. आमच्यापुढं जे प्रश्न ठेवले, त्यांच्यावरून कुणी नजर फिरवली नव्हती.

प्रश्न क्रमांक त्रेसष्ट. जर रमेश परीक्षेत उत्तीर्ण झाला, तर त्याला सायकल मिळेल. रमेशला सायकल मिळाली आहे. यावरून काय निश्चित सांगता येईल? पहिला पर्याय, रमेश परीक्षेत उत्तीर्ण झाला. तिसरा पर्याय, निश्चित काहीही सांगता येत नाही. मी तिथं पोचले तेव्हा शेवटची चार मिनिटं उरली होती आणि पुढं गणिताचे प्रश्न मोकळे पडले होते. मी वाचलं न वाचलं केलं, पहिला पर्याय दाबला आणि पुढं सरकले. फाटकाबाहेर येऊन रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले तेव्हा कळलं, आपण कापूस बघून उशी म्हणालो. तस्लीमला सांगितलं तर ती म्हणाली, "वर्षे, तुला मी एवढं दुकानात नेऊन शिकवलं." तिनं अर्थातच तिसरा दाबला होता. मग मला वाईट वाटू नये म्हणून रसाचा दुसरा ग्लास घ्यायला लावला.

दहा-बारा दिवसांनी उत्तरतालिका आली. आम्ही अभ्यासिकेत एकाच फळीवर दोघींच्या उत्तरांचे छापील कागद मांडून बसलो. बाहेर लू चालली होती, पत्रा वाजत होता. ती एकेक क्रमांक वाचत होती, मी खूण करत होते. त्रेसष्टला ती थांबली. तालिकेत लिहिलं होतं, पर्याय एक.

ती आधी हसली. तिला खरंच गंमत वाटली. म्हणाली, "मामानं दिली असंल की सायकल. पास झाला म्हणूनच दिली, हे कुणी सांगितलं ह्यांना?" आजूबाजूच्या मुली जमल्या. तिनं सगळ्यांना उशीचं सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. हरकत घ्यायला पाच दिवस होते. संगणकावर अर्ज भरायचा, प्रश्न क्रमांक लिहायचा, कारण लिहायचं, पुस्तकाचं पान जोडायचं. तस्लीम प्रत्येकीला म्हणाली, की एकीनं सांगितलं तर वेडी म्हणतील, चारजणींनी सांगितलं तर उघडून बघतील तरी. मग हळूहळू फळीभोवतीची गर्दी ओसरली. ज्यांचा पहिला पर्याय होता त्यांना चूक दुरुस्त व्हायला नको होती. ज्यांचा तिसरा होता त्या म्हणाल्या, कशाला नसती ब्याद, आपला नंबर त्यांच्या डोळ्यांवर यायचा. शेवटी मी उरले. तिनं मला वेगळं विचारलंही नाही. मी करणारच, हे तिनं धरून चाललं होतं.

मी त्याच संध्याकाळी मोडनिंबला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या संगणकाच्या दुकानात बसून तो अर्ज उघडला. नाव भरलं. बैठक क्रमांक भरला. प्रश्न क्रमांकाच्या चौकटीत त्रेसष्ट लिहिलं. कारणाच्या चौकटीत काय लिहायचं ते मला पाठ होतं, तस्लीमनं सांगितलेलं शब्दन् शब्द. आणि तिथं माझा हात थांबला. उत्तर दुरुस्त झालं तर माझा एक गुण जाणार होता. तिचा एक वाढणार होता. कागद मांडले तेव्हाच मी बघितलं होतं की मी तिच्यापेक्षा एका गुणानं पुढं आहे. दुरुस्ती झाली असती तर ती माझ्यापेक्षा एका गुणानं पुढं गेली असती. मी त्या पांढऱ्या चौकटीकडं बघत किती वेळ बसले ते सांगता येत नाही. शेजारच्या खुर्चीवर एक माणूस सातबाऱ्याची प्रत काढत होता, पंखा घरघरत होता. मी काहीही न लिहिता ते पान बंद केलं.

वडील मोटरसायकल घेऊन बाहेर थांबले होते. अंगावर पिठाची पांढरी धूळ. त्यांनी विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, झालं. त्यांच्यामागं बसल्याबसल्या तस्लीमला निरोप टाकला की हरकत भरली. तिचं लगेच उत्तर आलं, नुसताच हसरा चेहरा.

आता मागं वळून बघताना मला त्या उत्तरतालिका करणाऱ्यांची चीड येते, येतेच. तर्काच्या परीक्षेत तर्काचीच चूक करणारे कोण असतील ते? कुठल्या खोलीत बसले असतील? त्यांच्यासमोर कुणी वर्तुळं काढली असतील का? पण ती चीड सोपी आहे. त्यांचं तोंड मी कधी बघितलेलं नाही, म्हणून त्यांच्यावर चिडायला काही लागत नाही. मोडनिंबच्या त्या खुर्चीत बसलेली मुलगी मात्र मला रोज आरशात दिसते. तिला नियम माहीत होता. त्यांना कदाचित माहीत नसेल. तिला उशी हातात देऊन शिकवलेलं होतं.

अंतिम तालिका आली, त्रेसष्टचं उत्तर तेच. खाली एक ओळ, की प्राप्त हरकतींचा विचार करून तज्ज्ञांच्या मतानुसार उत्तरं अंतिम केली आहेत आणि आता पत्रव्यवहार केला जाणार नाही. का, कसं, कुणी, एक शब्द नाही. हजारोंची वर्षं ज्या कागदावर टांगलेली, त्या कागदाला कारण द्यायची गरज वाटत नाही. मग निवड यादी लागली. तिच्यात आमच्या प्रवर्गात शेवटचं नाव माझं होतं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तस्लीमचं. आमच्यात एक गुण. प्रतीक्षा यादी पुढं सरकलीच नाही आणि मुदत संपून ती रद्द झाली.

ती यादी लागल्यावर तस्लीम माझ्या खोलीवर आली होती. पेढे घेऊन. मला म्हणाली, "आपण दोघींनी सांगून बघितलं. न्हाय ऐकलं त्यांनी. तू कशाला तोंड पाडून बसलीस? तुझं झालं ना." मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती माझी पाठ थोपटत राहिली. मी का रडतेय हे तिला समजलं, असं तिला वाटत होतं.

गावात सत्कार झाला. शाळेच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, फेटा. उकाड्यात फेट्याखाली घामाचे ओघळ. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ म्हणाले, की मेहनत केली तर यश मिळतंच. वर्षाला यश मिळालं, म्हणजे बघा तिनं किती मेहनत घेतली असेल. टाळ्या पडल्या. मी स्टेजवर बसल्याबसल्या गार पडले. ही तर रमेशचीच सायकल. त्रेसष्टची चूक माइकवरून माझ्या नावानं म्हटली जात होती आणि समोर बसलेली सगळी माणसं तिच्यावर टाळ्या वाजवत होती. सायकल मिळाली म्हणजे पास झाली. कुणाच्याही मनात आलं नाही की हिला मामानं दिली असेल.

त्याच महिन्यात तस्लीमच्या घरी तिचा थोरला भाऊ तिला म्हणाला की मेहनत केली असती तर झालं असतं, झालं नाही म्हणजे कमी पडलीस. हे तिनंच मला सांगितलं, अगदी शांतपणे. मी त्यावर फार विचार केला. भावाच्या बोलण्यात तर्काची चूक काढता येत नाही. मेहनत केली तर यश, यश नाही, म्हणून मेहनत नाही. हे नियमात बसतं. चूक आहे ती पहिल्या ओळीत. मेहनत केली तर यश मिळतंच, ही ओळच खोटी आहे. पण ती ओळ इतक्या भिंतींवर लिहिलेली आहे, इतक्या क्लासच्या पाट्यांवर, की ती तपासावी असं कुणाला वाटत नाही. विधानं सत्य मानावीत. जिनं मेहनत केली तिला आळशी ठरवायला आणि जिनं पान बंद केलं तिला कष्टाळू ठरवायला ती एक ओळ पुरते.

त्यानंतर तस्लीम परीक्षेला बसली नाही. मी विचारायचे, ती म्हणायची बघू. तिनं नव्या पेठेतल्या एका क्लासमध्ये बुद्धिमत्ता शिकवायला सुरुवात केली. मी नोकरीत रुळले. सोलापुरातच नेमणूक मिळाली, म्हणजे तिच्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर. तिनं मैत्री सोडली नाही. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा माझ्या घरी यायचा, भावाच्या हातून नाही, ती स्वतः घेऊन यायची. डबा धुऊन परत देताना प्रत्येक वेळी मी ठरवायचे, आज सांगू. प्रत्येक वेळी तिला रिक्षापर्यंत सोडून परत यायचे. पाच ईद गेल्या अशा.

ह्या एप्रिलमध्ये आमच्याकडचे शिपाई गायकवाड मामा त्यांच्या मुलीला, प्रणालीला, माझ्याकडं घेऊन आले. तिची पुढच्या आठवड्यात परीक्षा, मॅडम तुमचं एका फटक्यात झालंय, हिला चार गोष्टी सांगा, असं त्यांचं म्हणणं. प्रणालीनं तिची क्लासची वही काढली. अक्षर ओळीत, लाल शाईनं नियम. वहीवर क्लासचं नाव होतं; ती तस्लीमच्याच क्लासला जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कौतुकानं पानं उलटत होते आणि "जर-तर"च्या पानावर थांबले. उदाहरण रमेशच्या सायकलचंच होतं. त्याच्याखाली तिसरा पर्याय का बरोबर ते सविस्तर लिहिलं होतं. आणि शेवटी चौकटीत एक ओळ. "परीक्षेत असा प्रश्न आला तर पहिला पर्याय लिहिणे. वाद घालू नये."

मी प्रणालीला विचारलं, हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, नदाफ मॅडमनी. मॅडम म्हणाल्या, बरोबर काय ते माहीत असू द्या, पण मार्क त्यांच्या हातात आहेत. प्रणालीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिला ते हुशारीचं वाटत होतं.

मला त्या क्षणी इतका राग आला की मी वही तिथंच मिटली. ज्या मुलीनं भर उन्हात मला दुकानात नेलं, जिनं स्वतःच्या स्पर्धेतल्या मुलींना परत पाठवलं नाही, तिनं ही ओळ लिहून दिली होती. चाळीस वह्यांत ती गेली असेल, दर वर्षी चाळीस. मी मामांना सांगून दुपारची रजा टाकली आणि चालत नव्या पेठेत गेले. रिक्षा करायचंही सुचलं नाही.

क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. मधली सुट्टी होती, मुलं खाली सरबत प्यायला गेली होती. तस्लीम एकटीच फळा पुसत होती. मला बघून तिला आनंद झाला. एवढ्या उन्हात कशाला आलीस म्हणाली, पाण्याची बाटली पुढं केली. मी बाटली घेतली नाही. मी त्या ओळीबद्दल विचारायला आले होते, तिला जाब विचारायला. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तस्लीम, त्रेसष्टची हरकत मी घेतली नव्हती."

तिला आधी कळलं नाही. मग ती म्हणाली, "तू भरली म्हणून कळवलं होतंस."

"खोटं होतं. पान उघडलं आणि बंद केलं."

"म्हणजे मी एकटीच होते?"

"एकटीच."

ती पहिल्या बाकावर बसली. हातातलं डस्टर बाजूला ठेवलं. मग बोलायला लागली, हळू आवाजात, एकेक गोष्ट जागेवर ठेवत गेल्यासारखी. ती म्हणाली, यादी लागली तेव्हा अब्बा वकिलाकडं निघाले होते. त्यांनी ओळखीतून वेळसुद्धा घेतली होती, दुकान बंद ठेवून. तिनंच त्यांना अडवलं. सांगितलं की मी एकटी नाही, वर्षानंही लिहून दिलं होतं, तिचा स्वतःचा गुण जात असताना दिलं होतं, तरी त्यांनी मानलं नाही. गुण जात असताना कुणी उगाच लिहून देईल का? इतकं सांगूनही मानत नसतील तर आपलंच कुठंतरी चुकत असणार. अब्बा खाली बसले. मग जाऊ दे म्हणाले.

"आणि त्यानंतर मला माझाच भरवसा राहिला न्हाय," ती म्हणाली. "पेपर हातात घेतला की वाटायचं, मला जे बरोबर दिसतंय ते बरोबर असंलच कशावरून."

ती परीक्षेला का बसली नाही, ह्यावर मी पाच वर्षं नुसतं 'बघू' एवढंच ऐकत आले होते. तिनं तिच्या डोक्यात पहिली ओळ म्हणून जे लिहून ठेवलं होतं, ते मी दिलेलं होतं. त्याच्यापुढचं सगळं तिनं अगदी नियमाला धरून काढलं होतं.

मी म्हटलं, मी आता लिहून देते. खात्याला कळवते की उत्तर चुकीचं होतं, त्याचा फायदा मला झाला, मी गप्प बसले. सही करून देते, पदासकट.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. "कळव. कळवायलाच पाहिजे. पण त्यानं बरं वाटंल ते तुला, मला न्हाय."

मी काही बोलायच्या आत ती उठली. खडू उचलला. म्हणाली, "तू आता जा, वर्षे. मला नीट चिडू दे. इतकी वर्षं मी माझ्यावरच चिडत आले."

मी दाराबाहेर आले. जिन्यावरून मुलं वर येत होती, ओले रुमाल, सरबताचे वास, गडबड. मी दोन पायऱ्या उतरून भिंतीला लागले आणि त्यांना वाट दिली. मुलं आत जाऊन बसली, बाकं सरकली. पत्र मी त्याच दिवशी लिहिणार होते, आणि लिहिलंही, पण तेव्हा माझे पाय निघेनात. आतून तस्लीमचा आवाज आला. मोठा, कोरडा, थोडा कापणारा. तिनं सगळ्यांना "जर-तर"चं पान काढायला सांगितलं. चौकटीतली शेवटची ओळ खोडायला सांगितली, नुसती रेघ मारून नाही, वाचता येणार नाही अशी.

एका मुलीनं विचारलं, मॅडम, मग पेपरात काय लिहायचं?

"जे बरोबर हाय ते लिहायचं."

"आणि त्यांची उत्तरतालिका चुकीची आली तर?"

मग ती म्हणाली, "तर हरकत घ्यायची. ज्यांचा मार्क जाणार त्यांनी पण घ्यायची. आणि नुसतं घेतली म्हणून सांगायचं न्हाय. प्रत्येकानं पावती आणून माझ्या हातात द्यायची. मी वाचून बघणार."

मी उरलेल्या पायऱ्या उतरले.